कमी धक्क्याची बंदूक

डॉक्टरनं विचारलेलं एवढंच, “यांचा कामाचा हात कुठला?” आप्पा खाटेवर आडवे, नाकात नळी. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “उजवा.”

खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही हो. तोंडातनं गेलं. आमच्या घरात हा शब्द असाच तोंडातनं जात आलाय. माझे वडील, आप्पा, जन्माचे डावरे. कुऱ्हाड डाव्या हातात, विळा डाव्या हाताचा, तो खास लोहाराकडनं उलटा करून घेतलेला, आणि बंदूक डाव्या खांद्याला. पण त्यांच्या लहानपणी आजीनं डाव्या मनगटावर डाग दिला, त्यामुळं जेवण आणि सही तेवढी उजव्या हातानं. सोयरीक जमवायला पाहुणे आले तेव्हा सगळ्यांनी मिळून “उजवा” म्हणून सांगितलं. देवळात उजवा, शाळेत उजवा, परक्या माणसापुढं उजवा. घरातली ती झाकायची गोष्ट होती. आणि डॉक्टर म्हणजे परकाच की. आप्पाही गप्प बसले. शुद्धीवर होते, ऐकत होते, आणि गप्प बसले.

कामाच्या हाताच्या उलट्या बाजूला ती डबी बसवतात म्हणे. म्हणून डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली, आप्पांच्या छातीत पेसमेकर बसला. काडेपेटीएवढी डबी, आणि तिच्यातनं काळजात गेलेली वायर. बंदुकीचा दस्ता चाळीस वर्षं जिथं टेकत आला, बरोब्बर तिथं.

घरी सोडताना डॉक्टर काय करायचं नाही ते सांगत होते. जड उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, मोबाइल छातीच्या खिशात ठेवायचा नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आनी बंदूक, डॉक्टरसाहेब?”

डॉक्टर हसले. चेष्टा वाटली त्यांना. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. “डाव्या खांद्याला धक्का अजिबात नको. वायर तुटली तर जागेवर संपेल माणूस.” मी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ही डबी काढून उजवीकडं बसवता येईल काय? ते म्हणाले, “बंदुकीसाठी? तुम्हाला वेड लागलंय काय?” हात चुकीचा सांगितला हे मी तेव्हाही बोललो नाही. आजतागायत बोललो नाही.

आता कुणी म्हणेल, सत्तरी उलटलेल्या माणसाला बंदूक कशाला पाहिजे? सांगतो. आमचं गाव खानापूरच्या पलीकडं, जंगलाला टेकून. घराच्या मागं बांध, बांधाला लागून भाताची शेती, आणि शेती संपली की झाडी. झाडीतनं डुकरं येतात. एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं करून जातात. आम्ही करायचं काही ठेवलं नाही. जुन्या साड्या बांधल्या, कुंपणाला करंट सोडला, फटाके वाजवले. फटाका वाजला की डुक्कर मान वर करून बघतं आणि परत खायला लागतं, एवढं निबर झालंय. हंगामात एखादं गोळीनं लोळलं तरच कळप महिनाभर तिकडं फिरकत नाही. पिकाच्या राखणीचा, सरकारी शिक्क्याचा परवाना होता तो आप्पांच्या नावावर, आणि आमच्या बाजूच्या सगळ्या शेतांत पेरा होत होता तो फक्त आमचा. बाकीच्यांनी काजू लावला, नाहीतर जमीन पडीक टाकून पोराकडं बेळगावला गेले. आप्पा म्हणायचे, “बंदूक हाय तवर भात हाय. भात हाय तवर मी हितं हाय.”

आई जाऊन सहा वर्षं झालेली. मी बेळगावला, वडगावात राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. शेजारी तिन्ही बाजूंना विणकरांचे माग, सकाळपासून खटखट. आप्पा माझ्याकडं दोन दिवसांवर कधी राहिले नाहीत. “ह्या आवाजात तुमी झोपताय कसं रं,” म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी गावाकडं, लोंड्याच्या गाडीत. बंदूक गेली की त्यांना हितंच यायला लागणार, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

तुम्हीच का नाही चालवली बंदूक, असंही विचारतील. विशीत एकदा चालवलेली. दस्ता गालावर असा आदळला की आठ दिवस भाकरी चावता येईना. आप्पा हसून हसून लोळले. त्यानंतर मी त्या वस्तूला फक्त खंडेनवमीला हात लावला, हळदकुंकू वाहायला. भित्रा आहे मी. कबूल.

पहिला हंगाम तसाच गेला. निवडणूक लागली होती, त्यामुळं नियमाप्रमाणं बंदूक ठाण्यात जमा आणि आप्पा अंगणात जमा. भातातलं पोत्यानं मोजण्यासारखं काही घरात आलं नाही. आप्पा मोकळ्या शेताकडं बघत बसायचे. त्यांचा आवाजच बसला होता. मग संक्रांतीला मी गेलो तर म्हणाले, “कमी धक्क्याची बंदूक मिळती काय बघ की जरा. डावा न्हाय तर न्हाय. उजव्या खांद्यानं शिकतो.”

मी डॉक्टरना फोन केला. ते वैतागले, पण म्हणाले, उजवीकडनं आणि धक्का अगदी कमी असेल तर बघा, माझ्याकडनं लिहून मागू नका.

तेवढ्यावर मी उडी मारली. माझी चूक निस्तरायला देवानं वाट दाखवली असंच वाटलं मला.

बेळगावात बंदुकांचं एक जुनं दुकान आहे, अरुंद, दिवसाही ट्यूबलाइट लावायला लागते असं. आप्पांना बरोबर घेऊनच गेलो. दुकानदार म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा. मी म्हणालो, “वडिलांसाठी एकदम हलकी बंदूक दाखवा.” तो माझ्याकडं मास्तर ढ पोराकडं बघतो तसा बघायला लागला.

“हलकी बंदूक जास्ती लाथ मारते ओ. जड घ्या. जड बंदूक धक्का निम्मा स्वतःच खाते.”

मग त्यानं एकेक सांगायला सुरुवात केली. आमची जुनी बारा बोअरची ठेवून तिच्यात कमी दारूची काडतुसं घालता येतात, निशाणेबाजी शिकणारी पोरं वापरतात ती. धक्का निम्मा. पण त्यात छरे मोहरीएवढे. “डुकराला खाज सुटेल,” म्हणाला. पॉईंट टू-टू रायफल? तिला धक्काच नाही, बाई-माणूस चालवेल. पण गोळी एवढीशी. डुक्कर जखमी होऊन अंगावर येणार, आणि जखमी डुक्कर म्हणजे साक्षात यम. थ्री-फिफ्टीन? डुक्कर पडेल, पण तिची गोळी लांब जाते, पलीकडच्या वाडीत माणसं झोपलेली असतात. आणि धक्का तर आहेच. दस्त्याला जाड रबर लावलं तर? थोडा फरक पडतो, पण बारा बोअर ती बारा बोअरच.

आप्पा स्टुलावर बसून ऐकत होते. मी नाउमेद झालो होतो. शेवटी दुकानदार म्हणाला, “एकच आहे. चारशेदहा बोअर. जुनी, एक नळीची, वजनदार. मोठ्या छऱ्याचं काडतूस घालून पंचवीस पावलांच्या आत डुक्कर पडतं. लांबनं मारायचं नाही, एवढं पाळा. माझ्याकडं नाही, निपाणीला एका घरात आहे. त्यांना काढायची आहे.”

रविवारी आम्ही निपाणीला गेलो. तंबाखूच्या व्यापारातलं जैन घर. वखारीच्या राखणीला कुणीतरी आजोबांच्या काळात ती बंदूक घेतलेली. घरातले वडीलधारे गृहस्थ आतनं ती घेऊन आले, धोतरात गुंडाळलेली. सुनेशी कानडीत बोलत होते, आमच्याशी मराठीत. म्हणाले, “अण्णा, ही कधी कुनावर रोखल्याली न्हाय. आमच्यात चालत न्हाय. नुस्ती भिंतीला होती.” आप्पांनी ती हातात घेतली, उघडून नळीतनं उजेडाकडं बघितलं, बंद केली. खट्ट असा छान आवाज आला. आप्पा म्हणाले, “लई निगुतीनं ठेवलीया.” तो माणूस खूश झाला. कशाला पाहिजे ते विचारल्यावर आप्पांनी सांगितलं, तसा तो बंदुकीभोवतीच्या धोतराची घडी घालायला लागला आणि म्हणाला, “आता ते तुमचं तुमी बघा.” चहा पाजला, उसाच्या रसाची बाटली बरोबर दिली.

कागदपत्रात चार महिने गेले. कानडीतले अर्ज, एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर. “नाळे बन्नी,” उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगला. आप्पा प्रत्येक वेळी खानापूरहून यायचे, धुतलेला सदरा घालून. आप्पांचं कानडी बाजारातलं, तेवढ्यावर त्यांनी कारकुनाला भाताचं, डुकराचं सगळं रामायण ऐकवलं. छातीतल्या डबीचं मात्र कुठंच सांगितलं नाही आम्ही. ही दुसरी झाकायची गोष्ट झाली.

जूनच्या आधी चारशेदहा घरी आली, जुनी बारा बोअर दुकानात जमा झाली. आणि आप्पांची शिकवणी सुरू झाली. मी शनिवारी संध्याकाळी जायचो. अंगणात, फणसाखाली, रिकामी बंदूक घेऊन उभे राहायचे. उचलायची, उजव्या खांद्याला लावायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं बघायचं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. तरी दिवसाला दोनशे वेळा करायचे. माझ्यादेखत मोजायचे. एखाद्या पोरानं पाढे म्हणावेत तसं चाललेलं. मला रडू यायचं, खरं सांगतो, आणि अभिमानही वाटायचा.

पहिला बार बांधावर काढला. तेलाचा रिकामा डबा वीस पावलांवर. तीनदा चुकला. चौथ्यांदा डबा उडाला. मी धावत गेलो, “आप्पा, छातीत काय? दुखलं काय?”

“हात्तिच्या मारी!” म्हणाले. “ह्यात हाय काय? वासरू ढुशी देतंय तशी हाय ही.” असे हसले की मला वाटलं, जिंकलो. मी चुलीवर चहा ठेवला आणि साखर जास्तच घातली. त्या दिवशी मी जेवढा सुखी होतो तेवढा गेल्या दोन वर्षांत झालो नव्हतो. मूर्ख लेकाचा.

कारण एक गोष्ट मला दिसलेली होती आणि मी ती मनावर घेतली नव्हती. एकदा ते बंदूक घेऊन गोठ्याकडं तोंड करून उभे असताना मी मागनं मुद्दाम ओरडलो, “आप्पा, डुक्कर!” बंदूक विजेसारखी उठली आणि डाव्या खांद्याला गेली. आप्पा ओशाळले. मग चिडले. “मागनं बोंबलून माणसाचं काळीज बंद पाडतोस व्हय रं?” मी हसण्यावारी नेलं. सराव कमी पडतोय, म्हटलं. आणखी दोनशे करू.

भात यंदा झकास आलं. लोंब्या भरल्या, वाकल्या. दिवाळी झाली. मी आठ दिवस रजा टाकून गावी गेलो. रात्री शेतातल्या माळ्यावर बसायचं नाही अशी अट मीच घातली होती, थंडी बाधेल म्हणून. पहाटेनंतर, उजाडलं की जायचं. डुकरं हल्ली दिवसाउजेडीही येतात, त्यांना कुणाची भीती राहिलेली नाही.

चौथ्या दिवशी आली. ऊन अजून यायचं होतं, धुकं बांधापर्यंत. खालच्या तुकड्यात भात हललं. आम्ही बांधाआड बसलेलो. आधी एक मोठं धूड बाहेर आलं, मग मागनं पाच-सहा. पंधरा पावलं असतील. आप्पा उठले. एवढ्या वयाचा माणूस, आवाज न करता उठले, पायाखाली काटकी मोडली नाही. आणि बंदूक वर गेली.

डाव्या खांद्याला.

मी झेप घेतली, नळी दोन्ही हातांनी धरली आणि खाली दाबली. आप्पांनी सोडली नाही. मी हिसका दिला. बापाच्या हातातनं मी बंदूक हिसकावून घेतली, आणि त्या ओढाओढीत ते चिखलात गुडघ्यावर बसले. डुकरं पळालीसुद्धा नाहीत. धूड आमच्याकडं तोंड करून उभं राहिलं, कान हलवले, आणि सगळी मिळून निवांत परत खायला लागली. कचकच आवाज येत होता.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. ओळख नसल्यासारखं बघितलं. मी म्हणालो, “आप्पा, डावा खांदा हो, डावा खांदा.” त्यांनी हात पुढं केला. मी बंदूक दिली. त्यांनी ती उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं, आणि बंदूक परत माझ्या हातात ठेवली.

“चल,” म्हणाले. “च्या करू या.”

त्यानंतर माझी रजा चार दिवस शिल्लक होती. मी म्हणालो, पुन्हा प्रयत्न करू, खांद्याला फडकं बांधू, हाताला खूण करू. वाटेल ते बोललो. ते फक्त “बरं” म्हणायचे आणि उठायचे नाहीत. डुकरं रोज सकाळी आली. आम्ही दोघं आत बसून ऐकली. शेवटी उरलंसुरलं भात हिरवं असतानाच कापलं.

बंदूक विकायला बेळगावच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदारानं चष्मा वर करून विचारलं, “काय काका, एवढ्यात परत? धक्का जास्ती होतो काय?”

“न्हाय न्हाय,” आप्पा म्हणाले. “धक्का काय न्हाय तिला. बंदुकीत काय खोट न्हाय.” मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, “ह्यो भितोय.”

चौपन्न वर्षांचा मी, खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी परवाना परत करायच्या अर्जावर सही केली, सावकाश, वळणदार.

वडगावला या, असं मी म्हणायच्या आधीच त्यांनी घराला कुलूप लावलं. दोन पिशव्या घेऊन आले. सुनेला म्हणाले, “मी काय तरास द्यायचा न्हाय गं तुमास्नी.” देतही नाहीत. सकाळी आंघोळ करून गॅलरीत खुर्चीवर बसतात. मागाच्या आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाहीत. पहिल्या महिन्यात मी वाट बघितली, तिसऱ्या दिवशी जातो म्हणतील, दहाव्या दिवशी म्हणतील. म्हणाले नाहीत. मृग आला तेव्हा गावाकडनं फोन आला, पेरणीचं काय म्हणून. आप्पांनी फोन हातात घेतला नाही. मला सांगितलं, “पड टाकली म्हनून सांग.”

परवा त्यांना तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरनी छातीवर ते यंत्र टेकवलं, पडद्यावर आकडे बघितले आणि खूश होऊन माझ्याकडं वळले. फर्स्ट क्लास, म्हणाले. वायर जागेवर, काळजाचे ठोके झकास. धक्क्याबिक्क्यापासून जपलंत, छान केलंत. मग आप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “आजोबा, बॅटरी अजून दहा वर्षं बघायला नको. निवांत जगा.”

आप्पांनी हात जोडले. आम्ही बाहेर पडलो. जिन्यात निम्म्यावर ते थांबले, कठड्याला धरून. दम लागला असेल वाटलं म्हणून मी वळलो. ते मला विचारत होते, रागानं नाही, अगदी सरळ, रस्ता विचारावा तसं.

“धा वर्षं? एवढी वर्षं मी करू काय रं?”

मागनं उतरणाऱ्या एका बाईनं वाट मागितली. आम्ही दोघं भिंतीला लागून उभे राहिलो, ती गेली, आणि मी त्यांचा डावा हात धरून पुढची पायरी उतरलो.